बिरादार सरांचं अक्षर

बिदर जिल्ह्यातल्या हुमनाबादच्या एका कॉलेजात व्यंकट बिरादार सर इतिहास शिकवायचे. त्यांच्या शिकवण्याचं कौतुक होतंच, पण त्याहून जास्त कौतुक होतं त्यांच्या अक्षराचं. फळ्यावर कन्नड लिहोत की मराठी, प्रत्येक अक्षर गोल, भरीव आणि जिथल्या तिथं. खडू हातात घेतला की मागच्या बाकावरची टवाळ पोरंही गप्प होऊन बघत बसायची. गावात कुणाच्या सत्काराचं मानपत्र लिहायचं असलं की माणूस सरांच्या दारात येऊन उभा राहायचा. सर वरवर कुरकुर करायचे. मग त्यांची बायको राजूबाई आतून म्हणायची, "नका लिहू तर. सांगू का त्येंला, सरांचा हात दुखायलाय म्हणून?" त्यावर सर लगेच चांगला पेन शोधायला उठायचे.

दोन हजार दहा साली कॉलेजात कॉम्प्युटरची खोली झाली. प्राचार्य जगदेवप्पांनी सगळ्या विभागांना सांगून टाकलं, की ज्यानं त्यानं आपापल्या नोट्स सीडीवर घालून पोरांना द्यायच्या. निवृत्तीला थोडाच काळ उरलेल्या बिरादार सरांनी तोवर कॉम्प्युटरला हातही लावलेला नव्हता. त्यांनी आपल्याला जमेल तो मार्ग काढला. दिवाळीच्या सुट्टीत जाड पांढऱ्या कागदांवर सगळ्या नोट्स नव्यानं लिहून काढल्या, एका बाजूला कन्नड, एका बाजूला मराठी. नकाशे रंगीत पेन्सिलींनी रंगवले. मग ते बाड घेऊन बिदरला गेले आणि एका दुकानात सगळी पानं स्कॅन करून घेतली. कॉलेजच्या हॉलमध्ये सीडीचं पूजन झालं, हार-तुरे झाले. जगदेवप्पा म्हणाले, "नोडा, बघा की, असलं अक्षर कॉम्प्युटरच्या बापाला यायचं न्हाई." सगळे हसले. सर तर दिवसभर तरंगतच होते.

सरांच्या वर्गात रेणू नावाची मुलगी होती. मन्नाएखेळ्ळीहून रोज बसनं यायची. लहानपणी तापात तिची दृष्टी गेली होती. तिच्या घरची माणसं पूर्वी मेंढरं राखायची. तिचा बाप तुळजाराम यानं कळप विकून हमरस्त्याच्या कडेला चहाचं हॉटेल टाकलं होतं. रेणूचं शाळेचं शिक्षण गुलबर्ग्याच्या वसतिगृहात झालं, आणि तिथं एका संस्थेनं तिला कॉम्प्युटर शिकवून एक जुना लॅपटॉप दिला होता. त्यात बोलणारं सॉफ्टवेअर होतं. पडद्यावर जे लिहिलेलं असेल ते मशीन तिच्या कानात वाचून दाखवायचं. आवाज असा, की कुणी नाक चिमटीत धरून हिंदी वाचतंय. मराठीतला 'ळ' त्याला कधीच धड जमायचा नाही. पण रेणूला तो आवाज प्यारा होता. ती त्याला 'भैया' म्हणायची.

सीडी मिळाल्यानंतरच्या सोमवारी तास संपल्यावर रेणू टेबलापाशी येऊन उभी राहिली.

"सर, रागवू नका. तुमची सीडी मुकी हाय."

"मुकी?"

"व्हय. भैया एकच शब्द बोलायलाय. 'चित्र'. दुसरी फाइल उघडली, 'चित्र'. तिसरी उघडली, 'चित्र'. समदी सीडी ऐकली म्या."

सरांना आधी कळेचना. मग रेणूनं समजावून सांगितलं, की पानाचा फोटो काढला तर मशीनला तो फोटोच दिसतो, मग त्यात अक्षरं असोत नाही तर आंब्याचं झाड असो. त्यातली ओळ न् ओळ त्याच्या लेखी नुसती नक्षी.

"पण अक्षर तर एवढं ठळक हाय," सर म्हणाले.

"असंल सर. समदे म्हणतात."

ती हे अगदी सरळपणे बोलली. ज्या अक्षराचं गावभर कौतुक, ते या मुलीनं कधी पाहिलेलं नव्हतं आणि तिच्या मशीनलाही ते ओळखता येत नव्हतं.

त्यांना वाईट वाटलं, पण त्यांनी तो प्रश्न आपल्या परीनं सोडवला. म्हणाले, "त्यात काय एवढं? रोज तास सुटल्यावर थांबत जा. मी वाचून दाखवतो." आणि खरंच दाखवू लागले. लायब्ररीच्या व्हरांड्यात दोन खुर्च्या टाकून सर वाचायचे, रेणू ऐकायची. सरांचा आवाज चांगला होता, वाचण्यात रंग होता. त्यांना वाटलं, पोरगी खूश असणार.

थोड्याच दिवसांत रेणू म्हणाली, "सर, एक बोलू? तुमी लई करायलाव माझ्यासाठी. पण बाकीची पोरं कवाबी वाचतात. सकाळी उठून, बसमधी, जेवताना. मला मात्र तुमाला येळ असंल तवाच अभ्यास. काल तुमाला सर्दी होती तर माझा धडाच राहिला. आणि एखादं वाक्य चारदा ऐकावं वाटलं तर तुमाला चारदा कसं सांगू? लाज वाटतीय."

"लाज कामून? मी काय परका हाय?"

"परके न्हाईत म्हणून तर बोलायलेय."

सर त्या दिवशी घरी आले. राजूबाईनं भाकरी वाढता वाढता सगळं काढून घेतलं. ऐकून म्हणाली, "बरोबर बोललीय पोरगी. मला बाजारात न्यायला तुमी यायचाव तवा मला बी असंच व्हायचं. नंतर मी एकटी जाया लागले, तवा कुठं मला भाजी निवडता आली."

"माझ्यामुळं तुला भाजी निवडता येत नव्हती?"

"तुमी घाई करताव."

दुसऱ्या दिवसापासून सर कॉम्प्युटरच्या खोलीत बसू लागले. चष्मा कपाळावर ढकलून, एका बोटानं एकेक अक्षर शोधत त्यांनी टाइप करायला सुरुवात केली. कॉलेजच्या मशीनवर गावातल्या छपाईवाल्यांकडून आणलेला जुना मराठी फॉन्ट होता, त्यातच त्यांनी बहमनी राज्याचा पूर्ण धडा उतरवला. मानेला रग लागली, डोळे चुरचुरले, पण धडा पूर्ण झाला. पेन ड्राइव्हवर घालून तो रेणूच्या हातात दिला तेव्हा सरांच्या चेहऱ्यावर पुन्हा ते सीडीच्या पूजनाच्या दिवशीचं तेज आलं होतं.

रेणूनं तिथंच लॅपटॉप उघडला. सरांना ऐकू यावं म्हणून इअरफोन काढून ठेवला. मशीन बोलू लागलं. "सी, डॉलर, एफ, टी, ब्रॅकेट, एक्स, एक्स, कॉमा..."

"हे काय बरळायलंय?" सर म्हणाले.

रेणूनं ओठ दाबून धरले होते. मग तिला आवरेना. ती हसायला लागली आणि हसता हसता डोळे पुसायला लागली. "सर, हा जुना फॉन्ट हाय. वरून मराठी दिसतंय, आत इंग्रजी अक्षरं हायत. भैयाला आतलंच दिसतं."

सरांना मात्र हसू आलं नाही. एवढे दिवस मान मोडून केलेलं काम डॉलर-ब्रॅकेट झालं होतं. त्यांनी पेन ड्राइव्ह खिशात घातला, "बरं," एवढंच म्हणाले आणि निघून गेले. पुढे बरेच दिवस ते वर्गात रेणूच्या बाजूला बघेनात. रेणूला ते दिसत नसलं तरी कळत होतंच. आवाज कुठल्या दिशेनं येतो आणि कुठल्या दिशेनं येत नाही, ते तिला नेमकं कळायचं.

रविवारी सकाळी सरांच्या दारात तुळजाराम उभा राहिला. डोक्याला पटका, हातात दुधाची बरणी, मागे रेणू, तिच्या खांद्याला लॅपटॉपची पिशवी.

"सर, पोरगी घरी रडायलीय," तो म्हणाला. "म्हणतीय, म्या हसले म्हणून सर रुसले. म्हटलं, चल, सरांच्या पाया पड."

"पाया-बिया पडू नको," सर घाईनं म्हणाले. "मी कशाला रुसू?"

"रुसलेत," राजूबाई आतून म्हणाली. "जेवणसुदिक नीट न्हाई. या आत."

त्या दिवशी रेणू सरांना टायपिंग शिकवायला बसली. युनिकोड म्हणजे काय ते तिनं तिच्या भाषेत सांगितलं. जे वर दिसतं तेच आतही असतं, म्हणून कुठलंही मशीन ते वाचू शकतं. तिला देवनागरी कीबोर्ड हातात मुरलेला होता. सर पुन्हा खाली वाकून बटणं शोधू लागले तशी ती म्हणाली, "सर, खाली बघायलाव का?"

"तुला कसं कळलं?"

"तुमचा आवाज टेबलाकडनं यायलाय. वर बघा. बोटाला सांगा, डाव्या हाताकडं मात्रा, उजव्या हाताकडं अक्षरं."

राजूबाईनं सरांच्या डोळ्यांवर टॉवेल बांधायची सूचना केली. सरांनी ती हसण्यावारी नेली आणि थोड्या वेळानं स्वतःच डोळे मिटून घेतले. तुळजाराम उंबऱ्याशी बसून हे सगळं बघत होता. मधेच त्याला राहवलं नाही. "सर, आमच्या रेणूचा मार खावा लागंल आज," तो म्हणाला, आणि घरात बऱ्याच दिवसांनी मोठ्यानं हसणं झालं.

मग दर रविवारी असंच चालू झालं. रेणू सकाळच्या बसनं यायची, दुपारी जेवूनच परत जायची. राजूबाईनं तिच्यासाठी शेंगदाण्याची चटणी करून ठेवायला सुरुवात केली. सर आधी मराठी आणि मग कन्नड टाइप करत, भैया वाचत आणि रेणू चुका सांगत. राजांच्या सनावळीचा तक्ता आला तेव्हा भैयानं आधी सगळ्या सुलतानांची नावं सलग घेतली आणि मग सगळी सालं. रेणू म्हणाली, "सर, कुणाचं साल कुणाला जोडू?" सरांनी तक्ता मोडून साधी वाक्यं केली. फाइलींना 'स्कॅन एक, स्कॅन दोन' अशी नावं होती, ती बदलून धड्याचं नाव दिलं. राजूबाई चौथीपर्यंत शिकलेली. ती ज्वारी निवडत ऐकायची आणि मधेच विचारायची, "त्यो महमूद गवान वजीर, त्येला खरंच खोट्या आळावरनं मारलं व्हय ओ?" सर "व्हय" म्हणाले की ती सूप खाली ठेवून हळहळायची.

चित्रांपाशी गाडी अडली. सीडीत बिदरच्या मदरशाचा फोटो होता. सरांनी त्याखाली लिहिलं, 'महमूद गवान याने बांधलेला हा मदरसा अत्यंत सुंदर, भव्य व अप्रतिम आहे.' भैयानं ते वाचलं. रेणू थांबली.

"सर, ह्यात मला काहीच मिळंना गेलंय. सुंदर म्हंजी काय हाय तिथं?"

सर सांगायला लागले आणि अडखळले. मिनार एक की दोन? फरशा कुठल्या रंगाच्या? वर्षानुवर्षं त्यांनी हा मदरसा शिकवला होता, पुस्तकातला फोटो दाखवून 'बघा' म्हणाले होते, आणि पोरांनी बघितलं होतं. नीट सांगायची वेळ कधी आलीच नव्हती.

पुढच्या रविवारी त्यांनी रेणूला सुट्टी दिली आणि राजूबाईला घेऊन बिदरला गेले. राजूबाईचं माहेर त्याच जिल्ह्यातलं, बिदरच्या बाजाराला ती कितीदा तरी आलेली, पण मदरशाच्या आत कधी गेली नव्हती. सर वही काढून भिंतीसमोर उभे राहिले. लिहू लागले आणि पुन्हा 'भव्य' शब्दापाशी अडले.

राजूबाई पदर डोक्यावरून घेऊन वर बघत होती. म्हणाली, "एका अंगाला समदा रंग ऱ्हायलाय, निळा, हिरवा, पांढरा. दुसरं अंग उघडं पडलंय, नुस्ता दगुड. जुन्या लुगड्याचा काठ अर्धा इटून जावा तसं. मिनार त्यो एकच ऱ्हायलाय. दुसरा कुठं गेला?"

"दारूगोळ्याचा स्फोट झाला होता. त्यात पडला."

"मग ते लिवा की. एक हाय, दुसऱ्याची जागा रिकामी हाय."

सरांनी तिचे शब्द जसेच्या तसे लिहून घेतले. मग त्या मिनाराला हात लावून पाहिला, फरशी आणि दगड यांतला फरक बोटांना कसा लागतो तेही लिहिलं. पहारेकरी येऊन विचारून गेला, भिंतीला हात का लावताय म्हणून. राजूबाईनं त्याला सांगितलं, "सर हायत ते. अभ्यास करायलेत." परत येताना बसमध्ये ती खिडकीशी बसली आणि म्हणाली, "मला बी आणायचं की हो आधी कवा तरी." सरांनी मान हलवली. खरं म्हणजे इतक्या वर्षांत आपण तिला इथं कधी आणलं नाही, याचं त्यांना स्वतःलाच नवल वाटत होतं.

लुगड्याचं ते वाक्य नोट्समध्ये गेलं. रेणूनं ऐकलं आणि पुन्हा ऐकलं. "आता दिसलं," ती म्हणाली.

दरम्यान जगदेवप्पांना या टाइप केलेल्या नोट्सची नवी सीडी दाखवायची वेळ आली. त्यांनी फाइल उघडली आणि त्यांचा चेहरा पडला. "बिरादार सर, कलर न्हाई, काही न्हाई, नुस्ती काळी अक्षरं. तुमचं ते अक्षर कुठं गेलं? एका पोरीसाठी एवढं कशाला करायलाव?" सर वाद घालणारे नव्हते. म्हणाले, "जुनी पण राहू द्या की. ज्याला जी पाहिजे ती घेईल." जगदेवप्पांनी खांदे उडवले आणि दोन्ही ठेवायला सांगितलं.

मग झालं असं, की नवी सीडी जास्त जाऊ लागली. वर्गात सिद्धप्पा नावाचा मुलगा होता. बिदरजवळ कोळारच्या औद्योगिक वसाहतीत एका गोदामात पाळीवर काम करायचा आणि वर्गात क्वचितच दिसायचा. तो एक दिवस सरांकडे आला. "सर, रेणूची सीडी मेमरी कार्डावर घातली की बारक्या मोबाइलवर बी उघडतीय. फोटोवाली उघडंना गेली. पण मला गोदामात हात रिकामा नसतो. तुमच्या आवाजात मिळंल का? कानात घालून पोती उचलीन."

सरांना हे फारच आवडलं. आवाज म्हणजे त्यांचा जुना दागिना. त्यांनी मोबाइलवर धडे वाचून भरायला सुरुवात केली आणि पहिली प्रत मोठ्या हौसेनं रेणूला द्यायला गेले.

"मला नको, सर," रेणू म्हणाली.

"नको? भैयाच्या त्या नाकातल्या आवाजापेक्षा तर बराच हाय की!"

"लई बरा हाय. पण भैयाला मी जोरात पळवते. तुमी लई सावकाश बोलताव."

सर जरा हिरमुसले, पण सिद्धप्पाला मात्र तो सावकाश आवाजच हवा होता. कार्डावरून कार्डावर करत ते धडे कुठं कुठं पोचले. लग्न होऊन उमरग्याला गेलेली एक मुलगी स्वयंपाक करता करता ऐकायची, असं तिच्या भावानं येऊन सांगितलं. कन्नड वाचायला अडखळणारी मराठी घरची पोरं दोन्ही भाषांतल्या फाइली शेजारी ठेवून वाचू लागली. कुणाला काय लागेल याचा सरांना आता अंदाज बांधावासा वाटेना. ते सरळ विचारू लागले.

परीक्षा जवळ आली. इतिहासाच्या पेपरात नकाशाचा प्रश्न असायचा. बहमनी राज्य फुटून झालेल्या पाच शाह्या दाखवा, असला काहीतरी. दृष्टी नसलेल्या विद्यार्थ्यांना त्याऐवजी दुसरा प्रश्न मिळायचा. सर म्हणाले, "तुला नकाशा माफ हाय, रेणू. तेवढं सोडून दे."

"परीक्षेत माफ असू द्या. पण मला कळायला नको का? समदे म्हणतात अहमदनगर वर हाय, विजापूर खाली हाय. वर-खाली म्हंजी काय, सर? आभाळात हाय का अहमदनगर?"

सरांनी बरंच लिहून पाहिलं. उत्तर, दक्षिण, वायव्य, नैर्ऋत्य. भैयानं वाचलं, रेणूनं ऐकलं, आणि तिच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. तिला दिशांची नावं पाठ होती. पण ती नावं कुठल्या बाजूला असतात, ते कुणी तिच्या अंगाला लावून सांगितलं नव्हतं.

शनिवारी सर काही कामानं हैदराबादच्या बाजूला गेले होते. परतताना मन्नाएखेळ्ळीला उतरले आणि तुळजारामच्या हॉटेलात चहा घ्यायला बसले. रेणू बाकावर होती. रस्त्यावरून एक ट्रक गेला तशी ती बापाला म्हणाली, "अप्पा, सोलापूरकडं गेली ही गाडी. थांबणारी न्हाई." मग दुसरा आला. "ही हैदराबादची. ही थांबंल." आणि तो थांबला.

"तुला कसं कळायलंय?" सरांनी विचारलं.

"हैदराबादला जाणाऱ्या गाड्या आपल्या हॉटेलाला लागून जातात. सोलापूरच्या पल्याडच्या अंगानं. आवाजावरनं कळतं की."

सर कप खाली ठेवून उठले. "ये बरं इकडं," म्हणाले. त्यांनी तिला हॉटेलाच्या अंगणात नेलं, खांद्याला धरून सोलापूरच्या बाजूला तोंड करून उभं केलं. ट्रकवाले चहाचे ग्लास हातात धरून बघू लागले.

"आता तोंडासमोर काय?"

"सोलापूर."

"पाठीमागं?"

"हैदराबाद."

"हैदराबादला लागून गोवळकोंडा. म्हणजे कुतुबशाही तुझ्या पाठीला. आता उजव्या खांद्याच्या मागं बोट कर. तिकडं बिदर. तू कॉलेजच्या सहलीला गेलीस ते. तिथं बरीदशाही. हाय का?"

"हाय."

"आता डाव्या हाताला, पण थोडं पुढं. बसनं कुठं जायचीस शाळेला?"

"गुलबर्गा!"

"त्याच अंगानं गुलबर्ग्याच्या लई पुढं जा. विजापूर. आदिलशाही. आता उजवा हात समोरून थोडा बाजूला घे. सोलापूरच्याही पल्याड, लांब. अहमदनगर. निजामशाही. आणि उजवा हात अगदी सरळ बाजूला कर. नाक एकीकडं, हात एकीकडं. तिकडं चालत राहिलीस की वऱ्हाड. इमादशाही."

रेणू तिथंच उभी राहिली, हात पसरून. मग तिनं स्वतःच एकेक हात फिरवायला सुरुवात केली. पाठीला गोवळकोंडा, खांद्यामागं बिदर, डावीकडं पुढं विजापूर. "सर," ती म्हणाली, "म्हंजी ही समदी राज्यं आपल्या हॉटेलाच्या भवती हायत!"

"व्हय. मधोमध तुझ्या अप्पाचं हॉटेल."

तुळजारामनं कमरेवर हात ठेवून चारी बाजूंना बघितलं. "आणि आमाला कुणी सांगितलंच न्हाई," तो म्हणाला. ट्रकवाल्यांतला एकजण विजापूरचा होता. त्यानं रेणूला सांगितलं, "बरोबर बोट केलंस, अक्का. त्याच रस्त्यानं जातो मी घरला." सरांनी स्वतः डोळे मिटले आणि तसेच हात पसरून तिच्याशेजारी उभे राहिले. आयुष्यभर फळ्यावर काढलेला तो नकाशा पहिल्यांदा त्यांच्या पाठीला आणि खांद्यांना लागला.

तो धडा त्यांनी घरी जाऊन लगेच लिहिला. 'मन्नाएखेळ्ळीच्या हमरस्त्यावर सोलापूरकडे तोंड करून उभे राहा' असं पहिलं वाक्य. वर्गात वाचून दाखवला तेव्हा सगळी पोरं बाकांमधून उठून हात पसरून उभी राहिली, एकमेकांच्या डोक्याला हात लागून आरडाओरडा झाला, आणि काय गोंधळ आहे म्हणून जगदेवप्पा धावत आले. दारात उभे राहून त्यांनी थोडा वेळ ऐकलं. मग हळूच स्वतःचा उजवा खांदा मागे वळवून बघितलं. "अल्ल, न्हाई सर," ते म्हणाले, "बिदर तर या अंगाला पाहिजे." आणि मग लक्षात आल्यावर म्हणाले, "हां, मी उलटा उभा हाय."

पुढच्या वर्षापासून त्यांनी सगळ्या विभागांना मशीनला वाचता येतील अशाच नोट्स करायला सांगितलं. सगळ्यांनी केल्या नाहीत. वाणिज्य विभागाचे सर शेवटपर्यंत पानं स्कॅनच करत राहिले. पण बऱ्याच जणांनी केल्या, आणि टायपिंग शिकायला ते रेणूकडे येऊन बसायचे. रेणू त्यांनाही खाली बघू द्यायची नाही.

दोन हजार बारामध्ये रेणू चांगल्या मार्कांनी बी. ए. झाली. त्याच उन्हाळ्यात बिरादार सर निवृत्त झाले. रेणूला गुलबर्ग्याला एम. ए.ला प्रवेश मिळाला तेव्हा तिला पोचवायला तुळजारामबरोबर सरही निघाले. राजूबाईनं चटणीची बरणी दिली आणि वर बजावलं, "पोरीला बोलू द्या तिथं. तुमी मधी मधी बोलू नका."

विभागात एक तरुण मॅडम होत्या. त्यांनी रेणूसमोर झेरॉक्सचा गठ्ठा ठेवला आणि मग ओशाळून म्हणाल्या, "अगं, हे तुला कसं... मी कधी केलं नाही असं. मला माहीत नाही." सरांनी बोलायला तोंड उघडलं. तुळजारामनं त्यांच्या बाहीला धरून ओढलं. "चला सर, आपण भाइर बसू."

दोघं बाहेर कट्ट्यावर बसले. खिडकी उघडी होती. आतून रेणूचा आवाज येत होता, न घाबरता, न रागावता. "मॅडम, तुमाला येळ लागंल पहिल्यांदा. काही हरकत न्हाई. मी दाखवते." मग मॅडमनं काहीतरी विचारलं, रेणूनं उत्तर दिलं, आणि दोघी हसल्या.

"काय म्हणतीय?" तुळजारामनं विचारलं.

"शिकवायलीय," सर म्हणाले.

बऱ्याच वेळानं रेणू बाहेर आली. काठी टेकत सरळ कट्ट्यापाशी आली. "तुमी दोघं अजून हितंच?" ती म्हणाली. "शेवटची बस जाईल की. जावा आता. मला होस्टेलची वाट ठाव झालीय, मॅडमनी आत्ताच मागच्या दारानं चालवून दाखवली."

तुळजारामनं डोळ्याला पटक्याचं टोक लावलं. सरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. ती मात्र हसत होती. दोघं फाटकापर्यंत चालत गेले. वळून पाहिलं तेव्हा ती कुणाशी तरी कन्नडमध्ये बोलत इमारतीत शिरत होती.

"आता तुमी काय करणार, सर?" तुळजारामनं बसस्टँडच्या वाटेवर विचारलं.

"घरी एकजण हाय," सर म्हणाले. "चौथीवर शाळा सुटलेली. म्हणतीय, मला पुढचा इतिहास सांगा. बहमनी संपले, आता मोगल पाहिजेत."

"मग सांगा की."

"सांगणार की," सर म्हणाले आणि समोर लागलेल्या हुमनाबादच्या बसकडे दोघंही झपझप चालू लागले.